जोडीदाराने तपासलेला मास्क

माझी मूठ बाबांच्या जबड्यावर बसली तेव्हा मी जागा झालेलो नव्हतो. जाग आली ती त्या आवाजाने. बाबा माझ्या छातीवर एक गुडघा रोवून बसले होते. त्यांचे दोन्ही पंजे माझ्या चेहऱ्यावरच्या मास्कवर होते आणि अंगातला सगळा भार देऊन ते तो दाबत होते. खिडकीवर ठोकलेल्या चादरीच्या कडेने दुपारचे ऊन आत येत होते. त्यांच्या फुटलेल्या ओठातले रक्त माझ्या गळ्यावर ठिबकत होते.

"श्वास घे!" ते ओरडत होते. "घे म्हणतो ना बे! ओढ!"

मी ओढत होतो. हवा येतही होती, छाती भरतही होती, आणि तरीही मी बुडत होतो. दुसरा ठोसा मी त्यांच्या कानशिलावर मारला. ते पलंगाशेजारच्या स्टुलासकट खाली गेले. मी मास्क उपटला, त्याचा एक पट्टा तुटला, आणि यंत्राची नळी धरून मी ती भिंतीवर आपटत राहिलो.

कुंदा, माझी बायको, कणकेने भरलेल्या हातांनी धावत आली.

"अहो, थांबा! म्हाताऱ्या माणसाचा जीव घेता का?"

तिने कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या माझ्या तोंडावर रिकामा केला. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "आणि मामाजी, तुमचं काय हे? झोपलेल्या माणसाच्या छातीवर कोणी बसते का?"

बाबांनी तळहातावर थुंकून पाहिले. "एक दात गेला," ते म्हणाले. "तो तसाबी हालत होता. मास्क काऊन काढला तू?"

तेव्हा मी एका कोळसा खाणीत वायुवीजन अधिकारी होतो. जमिनीखाली हवा कुठून येते, कुठे जाते आणि तिच्यात काय मिसळलेले आहे, हे मोजणे माझे काम. झोपेत माझा श्वास थांबतो हे कुंदाला लग्नानंतर लवकरच कळले होते. मी ते अनेक वर्षे पुराव्याअभावी मान्य केले नव्हते. पुरावा कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याशेजारी मिळाला. एका रात्रपाळीत मी उभ्या उभ्या झोपलो आणि चालत्या पट्ट्यावर कललो. मागच्या सरदाराने, म्हणजे आमच्या पाळीच्या मुकादमाने, कमरेचा दिव्याचा पट्टा धरून मला मागे खेचले. खाणीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, यंत्र दिले आणि सांगितले, "महिनाअखेरपर्यंत यावर झोपून दाखवा. नाही जमलं तर खाली उतरण्याचा दाखला मी देणार नाही. वर ऑफिसात बसा."

यंत्रावर माझा अविश्वास नव्हता. झोपेत घसा मिटतो. हवेच्या दाबाने तो उघडा ठेवायचा. खचू पाहणाऱ्या छताला टेकू द्यावा इतकी सरळ कल्पना आहे. त्रास कल्पनेचा नव्हता, रबराचा होता. नाकाच्या दांड्यावर जखम झाली. गालांवर पट्ट्यांचे वळ उठले, ते दुपारनंतरही जात नसत. गिळलेल्या हवेने पोट फुगे. नळीत पाणी साचून गुळगुळ वाजे. श्वास सोडताना वाऱ्याविरुद्ध फुंकावे तसे वाटे. हे सगळे मी सहन करण्याजोगे म्हणून नोंदवले होते, आणि खरोखर पहिल्या काही दिवसांत मला वर्षानुवर्षे लागली नव्हती तशी झोप लागली.

मग काहीतरी बदलले. रात्रपाळी करून मी सकाळी झोपायचो आणि दुपारी डोके फुटेल अशा ठणक्याने उठायचो. पुढे उठण्याआधीच हातपाय चालू लागले. कुंदाच्या दंडावर माझ्या बोटांचे काळेनिळे ठसे उमटले. तिने आपले अंथरूण स्वयंपाकघरात नेले. तिची जागा बाबांनी घेतली, पलंगाशेजारी स्टूल टाकून.

डॉक्टर म्हणाले, "काहींना कोंडल्यासारखं वाटतं. सवय होईल."

बाबांचे निदान वेगळे होते. बाबा खाणीच्या बचाव पथकाचे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले होते. आग लागली, वायू साचला, की पाठीवर श्वासाचे यंत्र बांधून जी माणसे आत जात त्यांचे पुढारी. त्या काळी तोंडात रबराचा तुकडा दातांनी धरायचा, नाकाला चिमटा लावायचा आणि पिशवीतली तीच ती हवा घेत राहायचे. सोडलेला दूषित वायू एका डब्यातली पूड शोषून घेई. पथकाचा एक नियम ते जेवतानाही सांगत: आपले यंत्र आपण तपासायचे नाही, ते जोडीदाराने तपासायचे. आपल्या वस्तूतला दोष आपल्याला दिसत नाही. या नियमाने माझ्या मास्कची जबाबदारी त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःकडे घेतली होती. रोज सकाळी ते तो धूत, पुसत, तपासत, आणि माझ्या डोक्यावर पट्टे आवळून बांधत. त्यांना काही काम मिळाले याचे मला बरे वाटले होते.

त्या दुपारी ओठावर बर्फ धरून ते म्हणाले, "भीती आहे ती. दुसरं काई नाई. मी पायली आहे."

"मला कसलीही भीती वाटत नाही. मी झोपेत असतो."

"पोचय्याबी हेच म्हणे. वर असताना वाघ. आत गेला अन् तोंडातलं रबर उपटाले लागला."

पोचय्या हे नाव आमच्या वसाहतीत शिवीसारखे वापरले जाई. जत्रेत पाळण्यात बसायला रडणाऱ्या पोराला आया म्हणत, पोचय्या झाला का रे? तो बाबांचा पथकातला जोडीदार. त्या दुपारच्या वीस वर्षे आधी एका आगीत, वायूने भरलेल्या भुयारी गल्लीत त्याचे धैर्य सुटले. तो यंत्र काढू लागला. बाबांनी त्याला खाली पाडून, अंगावर बसून, रबर त्याच्या तोंडात कोंबून धरले. तरी तो मेला. चौकशी समितीने बाबांची प्रशंसा केली होती.

"मी तुम्हाला मारलं," मी म्हणालो. "उद्या यापेक्षा जोरात मारीन. तुम्ही उद्यापासून त्या स्टुलावर बसणार नाही."

"बसन. माया पोरगा पोचय्या झाला असं मी ऐकून घेणार नाई. खाणीत उतरणाऱ्या घरातला माणूस हपिसात बसून पेन्सिली तासन काय?"

"पेन्सिली तासून कोणी मेल्याचं ऐकलं नाही मी," कुंदा आतून म्हणाली.

"तू मधात बोलू नोको, सूनबाई."

"मधात मीच आहे, मामाजी. एका बाजूनं हे मारतात, दुसऱ्या बाजूनं तुम्ही."

त्या पाळीला मी खाणीत गेलो, आणि एका बंद गल्लीच्या तोंडाशी नेहमीप्रमाणे हवेचा नमुना घेताना एक साधी गोष्ट लक्षात आली. ज्या हवेत मी रोज झोपेत माणसांशी मारामारी करत होतो, ती हवा मी एकदाही मोजली नव्हती. भीती हे स्पष्टीकरण होते, मोजमाप नव्हते.

सकाळी मी हातपंप घरी आणला. त्याच्या तोंडाशी काचेची बारीक नळी बसते. नळीतली पांढरी पूड कार्बन डायऑक्साइड लागला की जांभळी होत जाते. मास्कचा तुटलेला पट्टा बाबांनी शिवून ठेवला होता. मी जागाच, डोळे उघडे ठेवून, यंत्र लावून पडलो. थोड्या वेळाने कुंदाने यंत्राच्या नळीचा सांधा किंचित सरकवला, काचेचे टोक आत घातले आणि पंप दाबून सोडला.

"अहो, हे तर वांग्यासारखं झालं."

मी उठून बसलो. मास्कच्या आतली हवा दूषित असणे समजण्यासारखे होते. माणूस तिथेच श्वास सोडतो. पण हा नमुना नळीतला होता, यंत्राकडून येणाऱ्या हवेचा. तिथे पूड जवळजवळ पांढरीच राहायला हवी होती. ती टोकापर्यंत जांभळी झाली होती. अशा हवेच्या गल्लीत मी माणसे पाठवत नाही.

मी मास्क खिडकीच्या उजेडात धरला. नळी जिथे मास्कला जोडते त्या कोपऱ्यावर बारीक छिद्रांचे एक वर्तुळ असते. त्यांतून श्वासाने सोडलेली हवा सतत बाहेर फेकली जाते. पहिल्या आठवड्यात तिचा सूं असा आवाज येई. तो थांबला तेव्हा मास्क नीट बसला असे मी धरून चाललो होतो. छिद्रांतून उजेड येत नव्हता. नख घातले तर काहीतरी चिवट लागले.

"बाबा, हे काय आहे?"

ते जवळ आले. त्यांच्या सुजलेल्या चेहऱ्यावर कारागिराचे समाधान होते.

"दिसलं नाई ना? आतून भरलं. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन, वरून मेण. मास्क बादलीत बुडवून फुंकर मारली तं भसाभसा बुडबुडे. असा गळका माल देते म्हणे दवाखाना! रोज पाहतो मी, एक जरी भोक उघडलं तं पुन्हा भरतो."

कुंदाने पदर तोंडाशी नेला. माझा हात पुन्हा उठला होता आणि या वेळी मी पूर्ण जागा होतो. तो मी खाली घेतला.

"ती गळती नव्हती," मी म्हणालो. "तो बाहेर जायचा रस्ता होता. तो बंद केला की माणूस आपलाच सोडलेला श्वास परत घेत राहतो. छाती भरते, हवा लागते, पण दूषित वायू वाढत जातो. शरीराला फक्त तेवढंच कळतं. मग ते भांडायला लागतं."

"भांडाले म्हणजे?"

"म्हणजे हे." मी त्यांच्या ओठाकडे बोट केले. "हात मारतं, लाथा झाडतं, तोंडावर जे असेल ते उपटतं. झोपेत असो की शुद्धीवर."

ते पलंगावर टेकले. मास्क त्यांच्या हातात होता.

"घाबरल्यावानीच दिसते," ते हळू म्हणाले.

"हो. बाहेरून फरक दिसत नाही."

"मंग समजाचं कसं?"

"हवा मोजून."

बाबा बराच वेळ ती छिद्रे अंगठ्याने चाचपत राहिले. मग त्यांनी विचारले, "आमच्या यंत्रात भोकं नव्हती. पूड होती. ती पूड खराब झाली तं?"

प्रश्न कुठे चालला आहे हे मला त्या क्षणी कळले. "ओल लागली, जुनी झाली, तर ती वायू शोषत नाही."

"तवा काय होईन?"

"हेच."

"पोचय्याचं यंत्र मी तपासलं होतं. जोडीदार ना मी त्याचा. बादलीत घातलं. एक बुडबुडा नाई आला."

"पूड कोणी तपासली?"

"त्या वर्षी डबे पावसाळ्यात शेडमधे पडून होते. शेड गळे."

"चौकशीत डबा उघडला होता का?"

"काऊन उघडतीन?" बाबा म्हणाले. "माणूस घाबरला हे सगळ्यांनी पायलं होतं."

मी सावधपणे म्हणालो की यावरून काहीही सिद्ध होत नाही, वीस वर्षांनंतर ते सिद्ध करता येणारही नाही. त्यांनी ऐकले की नाही ठाऊक नाही. ते पलंगावर आडवे झाले आणि मास्क स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवला.

"यंत्र चालू कर. दाबून धर वरून."

"बाबा, हा मूर्खपणा आहे."

"मी काढतो म्हटलं तरी सोडू नोको. मीबी नव्हतं सोडलं."

"मामाजी!" कुंदा ओरडली. "तुमचं वय काय, करता काय?"

"सूनबाई, तू बाहेर जा."

ती गेली नाही. मी यंत्र चालू केले. त्यांच्याकडे पाहून मला एवढे कळत होते की मी धरले नाही तर ते हे एकटे करतील, दार लावून करतील. मी दोन्ही पंजे मास्कवर ठेवले.

पथकात त्यांच्याइतका दम कोणाचा नव्हता असे लोक सांगत. बराच वेळ ते शांत होते. डोळे छताकडे होते. मग कपाळावर घाम आला. श्वास खोल झाला, मग भराभर होऊ लागला. पायांची बोटे वळली. मला वाटले ते ठरवून सहन करत आहेत. पण डोळ्यांत एकदम काहीतरी पालटले, आणि ठरवणारा माणूस तिथे राहिला नाही. त्यांनी माझे मनगट धरून पिरगाळले. गुडघा माझ्या पोटात बसला. नखे माझ्या गालातून ओढली गेली. मी त्यांना पलंगावर दाबून धरले होते, माझ्या बापाला, आणि मास्कच्या आतून ते काहीतरी ओरडत होते. शब्द लागत नव्हते.

कुंदाने माझ्या पाठीत लाटणे घातले. मी सोडले.

बाबांनी मास्क उपटून फेकला आणि पलंगाखाली ओकले. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मी पाणी पुढे केले, ते त्यांनी ढकलले.

"मी काय म्हटलं आत?" त्यांनी विचारले.

"कळलं नाही."

"सोड म्हटलं मी. तुयं नाव घेऊन म्हटलं." त्यांनी तोंड पुसले. "तोबी मायं नाव घेत होता. मले वाटलं, घाबरून हाका मारून राहिला."

मेण मी सुईने काढले, आणि छिद्रे पुन्हा वाजू लागली. महिनाअखेरीस दाखला मिळाला. ते यंत्र बदलत बदलत मी आज निवृत्तीनंतरही वापरतो. पण हे पुढचे. त्या दिवशी बाबांनी सदरा घातला आणि मी मागोमाग निघालो.

पोचय्याची बायको मल्लम्मा कामगारांच्या जुन्या चाळीत मुलाकडे राहत होती. ती दारात चिंच फोडत बसली होती. मुलगा राजलिंगू कोळसा भरण्याच्या कामावर होता. त्याची दुपारची पाळी, म्हणून तो घरीच होता. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"मल्लम्मा, पोचय्या घाबरला नव्हता," ते म्हणाले. "त्याच्या यंत्राची हवा खराब होती. तो जगण्यासाठी भांडत होता. मी त्याले धरून ठेवलं."

तिचा बत्ता थांबला. "कोण सांगितला?"

"मीच सांगतो."

मी म्हणालो, "मावशी, खात्रीने सांगता येणार नाही. तेव्हा डबा कोणी उघडला नाही. पण तसं झालं असण्याची शक्यता मोठी आहे."

"तू गप राय, वाल्मिक," बाबा म्हणाले. "मी ते करून पायलं आज. मीबी तसाच ओरडलो, तशाच लाथा मारल्या."

राजलिंगू आतून बाहेर आला. तो बाबांपेक्षा वीतभर उंच होता.

"कॅप्टनसाब," तो म्हणाला, "मी पथकात नाव दिलं होतं, आठवते?"

"आठवते."

"काय बोलले होते तुम्ही?"

"भेकडाचं रक्त आहे, म्हटलं होतं."

"कोणासमोर?"

"सगळ्यांसमोर. दिवाघरात."

पहिला ठोसा पोटात बसला. बाबा वाकले, सरळ झाले. दुसरा आदल्या दिवशीच्याच जबड्यावर आला आणि ते चिंचेच्या टरफलांत पडले. मी पुढे झालो. बाबांनी हात वर करून मला थांबवले, भिंत धरून उठले आणि पुन्हा त्याच जागी उभे राहिले, हात खाली सोडून. शेजारची दारे उघडली होती. राजलिंगूने तिसऱ्यांदा मूठ उगारली.

"राजा," मल्लम्मा म्हणाली. "पुरे. मारून तुझा बाप येत नाही." मग ती बाबांकडे पाहून म्हणाली, "तू मला इथे सांगितला. इथे कोण ऐकते? तिकडे बोलला होता ना? तिकडे सांग."

"सांगतो," बाबा म्हणाले.

त्याच दिवशी दुपारची पाळी सुरू होण्यापूर्वी ते दिवाघरात गेले. तिथे माणसे कमरेला दिवे बांधून खाणीत उतरवणाऱ्या पाळण्याची वाट पाहत उभी राहतात. बाबा बाकावर चढले. चेहरा इतका सुजला होता की नव्या पोरांनी त्यांना ओळखले नाही. ते स्वच्छ, कवायतीच्या आवाजात म्हणाले, "पोचय्या भेकड नव्हता. त्याचं यंत्र खराब होतं. ते मी तपासलं होतं, अन् त्याले दाबून मी मारलं."

कोणीतरी हसले, मग थांबले. घंटा झाली, पाळणा भरला आणि खाली गेला. दिवाघरात पुढच्या खेपेची माणसे येऊन उभी राहिली. त्यांनी काहीच ऐकले नव्हते. बाबा बाकावरून उतरले नाहीत. त्यांनी तेच पुन्हा सांगितले. त्या खेपेलाही, आणि त्यानंतरच्या खेपेलाही.

राजलिंगूचा नंबर पहिल्याच पाळण्यात होता. पण दिवा बांधून तो शेवटची खेप जाईपर्यंत दाराशी ऐकत थांबून राहिला.